ढगाखालची खराडी

फोटो हातात आला की आधी पालथा करायचा. चित्र नंतर. चित्र काय, नासाच्या संग्रहातून कुणीही फुकट उतरवून घ्यावं, आणि ते तुमच्या हातातल्या कागदापेक्षा कितीतरी स्वच्छ निघतं. पाठ उतरवून घेता येत नाही.

आज रविवार. सकाळी तुम्ही खराडीहून मंगळवार पेठेत जुन्या बाजाराला गेला होतात. नळाच्या तोट्या, बिनकिल्ल्यांची कुलुपं, सायकलचे डायनॅमो, कुणाच्या तरी अल्बममधून सुटून आलेली अनोळखी वऱ्हाडं. मेणकापडाच्या कडेला एक फुगलेलं खाकी पाकीट पडलं होतं. विकणारा म्हणाला, "जुने फोटो आहेत. अख्खं घ्या, चारशे द्या." वरचे दोन तुम्ही उलटून पाहिले: कसलंसं उद्घाटन, टोपीवाल्यांची रांग. तिसरा लालसर पडलेला, आठ बाय दहा इंचांचा. डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या पट्टीवर लाल शाईतले आकडे. पोटात काहीतरी हललं, पण चेहरा तुम्ही कोरा ठेवलात. जुन्या बाजारात चेहरा हलला की भाव हलतो. टोपीवाल्यांना नावं ठेवत तीनशेला पाकीट उचललंत.

आता दुपार. खराडीत बाराव्या मजल्यावर जेवणाच्या टेबलावर धुतलेला पांढरा पंचा पसरलाय, त्यावर तो फोटो. खिडकीबाहेर आयटी पार्कच्या काचा, त्यांच्यामागे मुळा-मुठा, जलपर्णीनं हिरवीगार, म्हणजे दुरून बघणाऱ्याला सुंदर. खाली टँकर मागे घेताना वाजतोय.

भिंग लावा. ठिपके दिसले तर तो छापील कागद, लिथो. नासानं तेही ढिगानं वाटले. शाळकरी पोरांनी पत्र टाकलं की घरपोच यायचे. वाईट नाहीत, पण तो फोटो नव्हे. इथं ठिपके नाहीत, एक रंग दुसऱ्यात विरघळत गेलाय. त्या काळच्या रंगीत कागदात तीन रंगांचे थर असत, आणि त्यातला निळसर सायन थर बंद कपाटात, अंधारातसुद्धा, सगळ्यांत आधी विरतो. मागे उरतो तांबूसपणा. म्हणून तुमच्या फोटोतला अरबी समुद्र वांग्याच्या रंगाचा झालाय. ही खोट नाही, वय आहे. साठ वर्षांचा कागद अगदी निळाशार निघाला, तर मात्र शंका घ्यावी.

आता पाठ. तिरक्या फिकट अक्षरांत 'ए कोडॅक पेपर', पुन्हा पुन्हा. साठीतल्या आणि सत्तरीच्या सुरुवातीच्या प्रतींची ही खूण. जाणते संग्राहक पृथ्वीआधी ही अक्षरं शोधतात. पुढच्या बाजूचा लाल क्रमांक एस-६६ नं सुरू होतो, त्यातला ६६ म्हणजे साल. मध्यभागी टंकलिखित इंग्रजी मजकूर: जेमिनी-११, १४ सप्टेंबर १९६६, सव्विसावी प्रदक्षिणा, उंची ४१० नॉटिकल मैल, म्हणजे आपले सुमारे ७६० किलोमीटर. भारत आणि सिलोन. मुंबई कुठं, दिल्ली कुठं, रामसेतू कुठं, तेही सांगितलंय.

आणि त्याखाली, पेन्सिलीनं, देवनागरीत, तीन ओळी.

'मुखपृष्ठ?'

'पुणे कुठे?'

तिसरी ओळ वेगळ्या हाताची, बारीक आणि उजवीकडे कललेली: 'अँटेनाच्या मागे.'

आता करा सरळ.

टेबल जातं. मग मजले जातात, अकरावा, दहावा, नववा. लिफ्टनं तुम्ही इतक्या झटकन कधी उतरला नव्हतात. पार्किंगही जातं आणि पाय थेट काळ्या मातीत रुततात, घोट्यापर्यंत.

बुधवार, १४ सप्टेंबर १९६६. दुपारचा एक वाजून गेलाय. पहिल्यांदा जाणवतं ते कानांना: कुठंच काही वाजत नाहीये. मग हळूहळू आवाज सुटे होत जातात. कणसात आलेल्या बाजरीवर चिमण्यांचा थवा उतरतो, मचाणावरचं पोरगं "हाऽऽ" करून गोफण फिरवतं, थवा उठतो आणि चार सऱ्या सोडून पुन्हा बसतो. नदीकडून धोपटण्याचा आवाज येतोय. नगर रस्ता इथून दिसत नाही, पण एखादा ट्रक गेला की मागाहून धूळ दिसते. मध्येच लोहगावच्या बाजूनं एक जेट आभाळ फाडून जातं; चिमण्या त्याला घाबरत नाहीत, सवयीच्या झाल्यात. खराडी हे हवेली तालुक्यातलं एक गाव आहे आणि पुणं तिकडं, लांब, मावळतीला. महापालिका इथवर यायला अजून एकतीस वर्षं आहेत.

बांधावर एक म्हातारा भाकरीचं फडकं सोडून बसलाय. तुमच्या बुटांकडे तो जरा जास्तच वेळ बघतो, मग सरकून जागा करून देतो. गावाकडची रीत: आधी बसवायचं, चौकशी मागाहून.

तुम्ही तारीख मनात मोजता. श्रावणातली अमावस्या. यंदा अधिक श्रावण येऊन गेला, त्यामुळं सगळे सण महिनाभर लांबलेत. राज्यात कितीतरी ठिकाणी आज पोळा असणार. पण इथं बैल रोजच्यासारखे बाभळीखाली बसलेत, शिंगांना रंग नाही की पाठीवर झूल नाही. तुम्ही विचारता.

"आमच्यात भादव्यात असतोय पोळा," म्हातारा म्हणतो. "म्हयना हाय अजून, पाव्हणं."

भाकरी तांबूस आहे. तुमची नजर तिथं गेलेली त्याला कळते. "मिलो," तो म्हणतो आणि तोंड वाकडं करतो. गेल्या साली पावसानं दगा दिला, रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आणि लाल गहू येतोय. ज्वारी म्हणून खायची, चवीला ज्वारी नाही. ज्या गोणीतून ती आली तिच्यावर दोन हात एकमेकांत धरलेले छापलेत. गोणी आता घरी पोरांच्या अंथरुणाखाली आहे. बांधाच्या पलीकडे गाजरासारख्या पानांचं, बारीक पांढऱ्या फुलांचं एक गवत माजलंय. ते तुमच्या चांगल्या ओळखीचं. सोसायटीशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर तेच आहे. काँग्रेस गवत. भारतात त्याची पहिली नोंद १९५० च्या दशकात झाली ती याच पुण्यात, आणि ते अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं अजूनही सगळे सांगतात. तर अमेरिकेहून खराडीला त्या वर्षांत काय काय आलं, त्याची यादी करायला बसलं तर धान्य, गवत आणि एक फोटो.

फोटो आत्ता निघतोय. हिशेब सोपा आहे. यान सोमवारी भारतीय वेळेनुसार रात्री सव्वाआठच्या सुमारास उडालं. आज दुपारी पाऊण वाजण्याच्या आधी त्यानं कॅनरी बेटांवर एंजिन पेटवून उंची घ्यायला सुरुवात केली, आणि आफ्रिका ओलांडून एकच्या सुमारास ते आपल्या बाजूला येतं. तुम्ही मान वर करता. ढग. पावसाचे काळे नव्हेत, दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठतात ते पांढरे, पिंजलेले. त्यांच्या वर काय चाललंय ते इथून दिसणं शक्यच नाही. पण तिथून हे ढग दिसतायत, त्यांच्या खालच्या बाजरीसकट, मचाणावरच्या पोरासकट, तुमच्यासकट. तुमचा फोटो निघतोय आणि तुम्ही डोळे मिचकावत उभे आहात.

"काय बघताय?" म्हातारा विचारतो. "आज न्हाई यायचा पाऊस."

संध्याकाळपर्यंत थांबा. गावठाणात दिवेलागण झाली की घरोघरी पिठोरीची तयारी दिसेल. दिवसभर उपास केलेली आई पाटावर बसते, पोरांकडे पाठ करते, खीरपुरीचं ताट डोक्यावर धरते आणि मागे न बघता विचारते, "अतीत कोण?" मागून पोर ओरडतं, "मी!" आणि ताट ओढून घेतं. या वर्षी पुरी अमेरिकेच्या गव्हाची आहे, जरा चिवट. 'अतीत' म्हणजे अतिथी, दारी आलेला. याच शब्दाचा दुसरा अर्थ होऊन गेलेला काळ. दाराच्या अंधारात उभ्या असलेल्या तुम्हाला दोन्ही अर्थ लागू पडतात, पण उत्तर द्यायचा मान पोराचा. गप्प राहा. फोटो पालथा करा.

आणि पुन्हा सरळ.

आता पाय पसरायला जागा नाही. जेमिनी म्हणजे फियाटच्या पुढच्या दोन सीटा, मागची सीट आणि डिकी कापून टाकलेली, आणि त्यात दोन माणसं तीन दिवस. डावीकडे पीट कॉनरॅड, उजवीकडे रिचर्ड गॉर्डन. तुम्हाला यायला जागाच नाही, तेव्हा दोघांच्या मधल्या फटीतून बघा. गॉर्डनचे डोळे काल बाहेर पडला असताना घामानं चुरचुरत होते, त्याला लवकर आत घ्यावं लागलं. कुबट वास आहे. काच धुरकटलेली आहे. समोर नाकाला नाक लावून अजेना नावाचं दुसरं यान जोडलंय, आणि ते स्वतःच्या एंजिनानं या दोघांना वर ढकलतंय. समोरून जोडलेलं असल्यामुळे रेटा पाठीत बसत नाही. माणूस सीटमधून उपसल्यासारखा पट्ट्यांवर पुढं येतो.

अजून थोड्या वेळात ते १,३६९ किलोमीटरवर पोचतील. पृथ्वीभोवती फिरणारी माणसं इतक्या उंचावर याआधी गेलेली नाहीत, आणि चंद्राला निघालेल्यांना बाजूला ठेवलं तर २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत जाणारही नाहीत. वर पोचल्यावर कॉनरॅड खालच्यांना कळवील की जग गोल आहे. त्याला विनोद करायची खोड आहे, पण हे सांगताना त्याचा आवाज नेहमीचा नाही.

आत्ता मात्र ७६० किलोमीटर, आणि खिडकीत अख्खा देश. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा जसा लटकतो तसा, फक्त भिंत वाकडी. डावीकडे अरबी समुद्र, उजवीकडे बंगालचा उपसागर, खालच्या अंगाला सिलोन, मधली रामसेतूची ठिगळं अगदी स्पष्ट. किनाऱ्याकडे हिरवं, आत तपकिरी. एक गोष्ट बघा, ती नकाशात कधीच नसते: जमिनीवर ढगांची गर्दी आणि किनाऱ्याच्या कडेनं समुद्रावर एक मोकळी, निरभ्र पट्टी, देशाभोवती कुणी बोट फिरवून पुसल्यासारखी. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि ढग होते. समुद्रावर उतरणारी हवा तिथले ढग पुसून टाकते. म्हाताऱ्याच्या बांधावरून वर बघताना तुम्हाला जे पिंजलेले ढग दिसले, त्यांचा खुलासा इथून होतो.

आणि या सगळ्याच्या मध्ये, चित्रात घुसलेली, अजेनाची डब्यासारखी अँटेना. मुंबई तिच्या डाव्या हाताला, किनाऱ्यावर. पुणं? तुम्ही मान तिरकी करता, गॉर्डनच्या कोपराला टेकता. ढगात आहे की अँटेनाच्या कडेशी, ते काही ठरत नाही. हॅसलब्लाड कॅमेरा वाजतो.

आज या दोघांना अजून एक काम आहे: झाकण उघडून, दारात उभं राहून ताऱ्यांचे फोटो काढायचे. त्यात मध्येच दोघंही झोपी जातील. खरंच. दार उघडं, गॉर्डन अर्धा बाहेर, आणि दोघांनाही डुलकी. अंतराळातल्या सगळ्या पराक्रमांत मला हा सर्वांत जवळचा वाटतो.

ह्यूस्टनच्या फोटो लॅबमध्ये फार रेंगाळायला नको. अंधार, रसायनांचा आंबट दर्प, आणि प्रती, प्रती, प्रती. फिल्म पारदर्शिकेची, तिच्यावरून निगेटिव्ह, निगेटिव्हवरून कागद. एका कागदावर क्रमांक उमटतो, पाठीवर मजकूर, आणि तो वृत्तपत्रांच्या गठ्ठ्यात जातो. तिथल्या कुणाला तो महत्त्वाचा वाटत नाही, आणि का वाटावा? पण एक गोष्ट ऐकून जा. तीन वर्षांनी, जुलै १९६९ मध्ये, याच शहरात टेरी स्लेझॅक नावाचा फोटो तंत्रज्ञ अपोलो-११ च्या फिल्मचं एक मॅगझिन पिशवीतून काढेल. ते चंद्रावर जमिनीवर पडलं होतं. त्याची बोटं काळी होतील. पृथ्वीवर उघड्या हातानं चंद्राच्या धुळीला शिवलेला पहिला माणूस तो, आणि शिवला तो फोटोपायी.

पालथा, सरळ.

शाईचा वास. ट्रेडल मशिनचा खटक-खटक, रॉकेलनं पुसलेल्या खिळ्यांचा वास, आणि कोपऱ्यात कपबशा. पुण्यातल्या एका पेठेत, वाड्याच्या पुढच्या दोन खोल्या; ऑक्टोबर १९६६. मासिकाचं नाव विचारू नका. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आहे, म्हणजे दिवाळी अंक गळ्याशी आलाय. कंपोझिटर मान वर न करता खिळे वेचतोय. मुंबईच्या यूसिसच्या कचेरीतून पाकीट आलंय. अमेरिकेचं माहिती खातं संपादकांना असे फोटो फुकट पाठवतं, छापा म्हणून.

संपादकांना सगळे तात्या म्हणतात. त्यांनी फोटो उंच धरलाय, दारातल्या उजेडात. आत्ता तो लाल नाही. समुद्र निळा आहे, इतका निळा की टेबलाशी उभा असलेला व्यवस्थापकही क्षणभर गप्प झालाय.

"मुखपृष्ठ," तात्या म्हणतात.

"मुखपृष्ठ छापून आलंसुद्धा, तात्या. परवाच."

"त्यावर काय आहे?"

"बाई आहे. हातात निरांजन."

"गेल्या वर्षीही बाईच होती."

"गेल्या वर्षी अंक संपला." व्यवस्थापक खुर्ची ओढून बसतो, म्हणजे आता हिशेब निघणार. दलालांचं किंवा मुळगावकरांचं चित्र वर असलं की अंक हातोहात जातो, हे या धंद्यात पोरालाही ठाऊक. हा फोटो रंगीत घ्यायचा तर चार रंगांचे चार ब्लॉक करा. जूनमध्ये सरकारनं रुपया पाडला. पावणेपाच रुपयांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. आर्ट पेपर बाहेरून येतो. "आणि काळापांढरा छापला, तर ते ढग आहेत का शाई सांडली, कळायचं नाही कुणाला."

तात्या ऐकत नाहीत. ते पेन्सिल घेऊन पाठीवर लिहितात: मुखपृष्ठ. मग जरा थांबून प्रश्नचिन्ह. फोटो सरळ करतात, चष्मा कपाळावर नेतात, नाक कागदाला लागेल इतके वाकतात. मुंबई सापडते. कोकण सापडतं. बोट घाटावर चढतं आणि अडतं.

"यात पुणं कुठं आहे?"

कुणी बोलत नाही. तात्या पुन्हा पालथा करून तेही लिहून ठेवतात, विसरू नये म्हणून. कोपऱ्यात मुद्रितं तपासणारा तरुण उठून येतो. आधी चित्र बघतो, मग मागचा इंग्रजी मजकूर वाचतो, मग तात्यांच्या हातातली पेन्सिल घेऊन खाली बारीक अक्षरांत लिहितो. वाचून तात्या हसत नाहीत.

"अँटेनाच्या मागे," ते मोठ्यानं म्हणतात. "मग पुण्यात कोण घेणार हा अंक?"

पाकीट कपाटात जातं. तुम्ही तिथंच उभे आहात, त्यामुळं ते कपाट उघडलं जातानाही दिसेल. दिवाळ्या जातात. २१ जुलै १९६९, सोमवार, सकाळचे साडेआठ. त्याच खोलीत रेडिओभोवती गर्दी. ८ वाजून २६ मिनिटांनी आर्मस्ट्राँगचा पाय चंद्रावर टेकलाय, पण बघायला काही नाही. मुंबईत दूरदर्शन यायला अजून तीन वर्षं आहेत, पुण्यात चार. जगानं त्या सकाळी हलतं धुरकट चित्र पाहिलं. पुण्यानं खरखर ऐकली. दोनच दिवसांपूर्वी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालंय, आणि निम्मी गर्दी अजून त्यावरच वाद घालतेय.

संग्रह करणाऱ्यानं हे नीट समजून घ्यावं. आपल्याकडे चंद्र आला तो टीव्हीवरून नव्हे, फोटोवरून. आधी वर्तमानपत्रातले ठिपके, मग यूसिसच्या पाकिटातला चकचकीत कागद, मग शाळेच्या फळ्याशेजारी टाचणीनं लावलेली प्रत. ऑक्टोबरमध्ये अपोलो-११ चे तिघं स्वतः मुंबईत येऊन गेले तेव्हा लोकांनी त्यांना फोटोवरूनच ओळखलं. तोवर जगभर असंख्य घरांत ऑल्ड्रिनचा फोटो आर्मस्ट्राँग म्हणून चौकटीत बसला होता. कॅमेरा बहुतेक वेळ आर्मस्ट्राँगच्या हातात होता, त्यामुळं चंद्रावर उभा असलेला तो स्वतः फार थोड्या फोटोंत आहे. घरात फोटो काढणाऱ्या काकाचं अल्बममध्ये जे होतं, तेच.

तुम्ही परत खराडीत येता. टेबल, पंचा, भिंग. टँकर निघून गेलाय.

मधल्या काळात काय झालं असेल, ते तुम्हाला रचून सांगायची गरज नाही. पुण्यातल्या कुठल्याही वाड्याचं झालं तेच. बिल्डर आला, कपाटं निघाली, रद्दीवाला आला, पाकिटं वजनावर गेली. कसर लागली नाही, वाळवी लागली नाही, कुणी काचेखाली कोंबलं नाही. एका पावसाळ्यात फोटो काचेला चिकटला की सोडवताना चित्र काचेवर राहतं. मागे एका विक्रेत्यानं मोठ्या अभिमानानं असेच चार फोटो दाखवले होते. टिकावेत म्हणून त्यानं चारही लॅमिनेट करून आणले होते. त्याला काय बोलणार? त्यानं चहाही पाजला.

बाहेरच्या जगात या कागदांना आता मोठा मान आहे. २०१५ साली लंडनमध्ये नासाच्या जुन्या सातशे फोटोंचा लिलाव झाला. २०२० मध्ये क्रिस्टीजनं व्हिक्टर मार्टिन-मालबुरे या एकट्या संग्राहकाचे चोवीसशे विकायला काढले. आपल्याकडच्या फोटोंनाही गिऱ्हाइकं आहेत: थुंब्याला सायकलच्या कॅरियरवर बांधलेलं रॉकेटचं नाक, कार्तिए-ब्रेसाँनं टिपलेलं, किंवा १९८१ सालचा ॲपल उपग्रह, चाचणीत धातूचा अडथळा नको म्हणून लाकडी बैलगाडीत बसवलेला. पण त्या फोटोंच्या मूळ प्रती सहसा हाती लागत नाहीत, आणि लागल्या तरी पाठ कोरी असते.

रात्री तुम्ही दोन्ही बाजूंचे फोटो काढून परदेशातल्या एका जाणकाराला पाठवता. उत्तर लगेच येतं. प्रत अस्सल. रंग उतरलाय, तो धरूनच चालायचं. कोपरे चांगले. एकच दोष: पाठीवर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय. कुठली भाषा ती? मऊ खोडरबरानं, हलक्या हातानं, जाऊ शकेल. गेलं तर किंमत वाढेल.

टेबलाच्या खणात खोडरबर आहे. तुम्ही पुन्हा भिंग उचलता, पण या वेळी चित्र वर नाही. 'पुणे कुठे?' मधल्या प्रश्नचिन्हाशी पेन्सिल दाबली गेलीये. टोक तिथं मोडलं असावं, कारण बारीकशी काजळी अजून कागदाच्या धाग्यात अडकलेली आहे. तरुणाच्या ओळीवर मात्र दाब मुळीच नाही, तिचं उत्तर आधीपासून तयार होतं. सरळ करून बघा. मुंबईच्या उजवीकडे, अँटेनाच्या कडेला, ढगांच्या एका पुंजक्याशी बोटाचा मळकट डाग आहे. जिथं तात्यांचं बोट अडलं होतं, नेमका तिथं. लिलाववाल्यांनी यालाही दोषच म्हटलं असतं.

तुम्ही त्याला लिहिता: मराठी. बाकीचं लिहीत नाही.

मग पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट काढता, कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी टाकता आणि फोटो आत सरकवता. पाठ वर ठेवून.